सव्वा एकर, शंभर व्हिडिओ आणि कन्नडमधलं पत्रक

पत्र थोडक्यात असं. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका ताईंनी लिहिलंय. वय चौतीस, बारावी झालेल्या, नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, मुलगी सहावीत. सासऱ्यांची सव्वा एकर लाल माती, विहीर नाही, पावसाळ्यात भात, रताळी आणि थोडी नाचणी. सासऱ्यांना (त्या मामा म्हणतात) गुडघ्यांमुळं आता शेतात जमत नाही, म्हणून जमीन कुणाला तरी लावून द्यायची असं घरात चाललंय. ताई म्हणतात मी करते, पण रासायनिक खत-औषध न वापरता करते. गेले सात-आठ महिने त्या रोज रात्री व्हिडिओ बघतायत, चार ग्रुपमध्ये आहेत, एक वही भरून झाली आणि जेवढं बघावं तेवढा गोंधळ वाढतोय, एक म्हणतो देशी गाय नसेल तर विषयच सोडा, दुसरा म्हणतो गांडूळ खत, तिसरा म्हणतो नांगरूच नका. रयत संपर्क केंद्रात (कर्नाटकच्या कृषी खात्याचं शेतकऱ्यांसाठीचं केंद्र) गेल्या तर पत्रकं सगळी कन्नडमध्ये, बोललेलं कळतं पण वाचता येत नाही, लाज वाटली आणि परत आल्या. आता महाराष्ट्रात एका ठिकाणी चार दिवसांचा कोर्स आहे, राहणं-जेवण धरून फी आठ हजार. नवरा म्हणतो जा, मामा म्हणतात पुस्तक वाचून शेती होत नाही. त्यांचा प्रश्न: "कोर्स करू का? नाहीतर मराठीत असं एकच पुस्तक सांगा जे वाचून मी पूर्ण शिकेन आणि मगच शेतात उतरेन. आणि आमच्यासारख्या सीमेवरच्या लोकांसाठी मराठीत काहीच का नाही?"

ताई, कोर्सचं आधी सांगून टाकते म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहणार नाही. यंदा मिरगाच्या आधी त्या कोर्सला जाऊ नका. कोर्स वाईट असेल असं मी म्हणत नाही, पण तुमच्याकडं अजून तिथं विचारायला स्वतःचे प्रश्नच नाहीत. एक पावसाळा शेतात काढा, मग त्याच कोर्सला गेलात तर चार दिवसांत चाळीस प्रश्न विचाराल आणि आठ हजार वसूल कराल. आत्ता गेलात तर दुसरी वही भरेल, बस.

तुमच्या पत्रातलं 'पूर्ण शिकेन आणि मगच उतरेन' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, आणि खटकलं कारण मी पण तशीच होते. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. काही वर्षांपूर्वी मी असंच एक तीन दिवसांचं शिबिर केलं, महाराष्ट्रातल्या कमी पावसाच्या पट्ट्यात. शिकवणारे मनापासून शिकवत होते, त्यांचं शेत डोळ्यांनी बघितलं, गादीवाफ्यावर सहा-सहा इंच पाचोळा आणि खाली हात घातला की माती गार, भुसभुशीत. घरी येऊन जूनमध्ये मी हुबेहूब तेच केलं, भेंडी, गवार, मिरची आणि वर पेंढ्याचा जाड थर. मिरगापर्यंत ठीक होतं. आर्द्रा लागली आणि पंधरा दिवस ऊन दिसलं नाही, पेंढा काळा पडला, खाली गोगलगायी इतक्या झाल्या की रोज सकाळी डबा भरून वेचायचो, मिरचीचे बुडखे कुजून गेले. शिबिरात कुणी खोटं सांगितलं नव्हतं बघा. त्यांच्याकडं वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा आमच्याकडं तीन-चार आठवड्यांत पडून जातो. त्यांना ओल धरून ठेवायची असते, आम्हाला पाणी काढून द्यायचं असतं. तेच आच्छादन मी पुढच्या वर्षी दसरा झाल्यावर वांग्याला घातलं तर काय सुंदर काम केलं त्यानं.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे खरं तर, की शेतीचं शिक्षण कुठल्या भाषेत आहे ह्याच्या आधी ते कुठल्या पावसातलं आणि कुठल्या मातीतलं आहे ते बघा.

आपला एकच जिल्हा घ्या. कणकुंबीकडं वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि अथणीकडं पाच-सहाशे. कर्नाटकाचे शेती-हवामानाप्रमाणं दहा विभाग पाडलेत त्यातले तीन आपल्या एकट्या बेळगाव जिल्ह्यात आहेत, खानापूर डोंगरी विभागात, बेळगाव-हुक्केरी-चिकोडी-बैलहोंगल संक्रमण, म्हणजे डोंगर आणि कोरड्याच्या मधल्या, विभागात आणि अथणी, गोकाक, रायबाग, सौंदत्ती, रामदुर्ग कोरड्या विभागात. म्हणजे चिकोडीचा ऊसवाला, निपाणीचा तंबाखूवाला, येळ्ळूर-शहापूर शिवारातला काळ्या मातीत बासमती काढून मागनं मसूर-वाटाणा घेणारा आणि तुम्ही लाल मातीतल्या रताळीवाल्या, सगळे एका जिल्ह्याचे पण एकाचा सल्ला दुसऱ्याला चालेलच असं नाही. आणि तुम्ही रात्री बघताय जळगाव, जालना, गुजरात, हरियाणाचे व्हिडिओ. गोंधळ तुमच्या डोक्यात नाहीय ताई, ती सगळी माणसं आपापल्या जागी बरोबर असतील, फक्त वेगवेगळ्या शेतांबद्दल बोलतायत.

त्यामुळं पुढच्या वेळी व्हिडिओ लावला की आधी एवढं शोधा, हा माणूस कुठल्या तालुक्यातला, तिथं पाऊस किती, माती कसली, पाणी विहिरीचं की आभाळाचं. पहिल्या दोन मिनिटांत हे कळलं नाही तर बंद करा. आणि शेवटी तो काही विकतोय का, बाटली, बियाणं, कोर्स, ते पण बघा. विकणारा खोटाच असतो असं नाही, पण ज्या उपायात त्याची वस्तू लागत नाही तो उपाय तो सहसा सांगणार नाही.

मग आपल्यासारखा पाऊस आणि आपल्यासारखी माती मराठीत कुठं आहे? शेजारीच आहे. चंदगड. त्याच्या मागं आजरा. तोच घाट, तीच लाल माती, तेच भात-नाचणी-रताळी, फक्त मध्ये राज्याची हद्द. आणि घाट उतरलं की कोकण. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून जोरदार पावसातल्या तांबड्या जांभ्या मातीवरच काम करतंय, भात, नाचणी, वरी, कंदमुळं, आणि त्यांचं पुष्कळ लिखाण मराठीत आहे. तुम्ही राहुरीचं नाव ऐकलं असेल, फुले कृषी विद्यापीठ, त्यांची दरवर्षीची कृषीदर्शनी चांगली असते, कोल्हापूर जिल्हा त्यांच्याच क्षेत्रात येतो, पण तुमच्या मातीला मी आधी दापोली वाचायला सांगेन.

एक उदाहरण देते म्हणजे फरक कळेल. कोकणात भाताची चारसूत्री पद्धत म्हणून आहे. एक, भाताचा पेंढा किंवा तुसाची राख परत रोपवाटिकेत-शेतात घालायची. दोन, बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडियाचं झाड) लावायचा आणि त्याचा पाला चिखलणीच्या आधी शेतात टाकायचा. तीन, रोप लावताना दोन-दोन, तीन-तीन काड्यांचा चूड पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटरवर आलटून-पालटून. चार, लावणीनंतर चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी बोटभर खोल खोचायची. आता ही शंभर टक्के नैसर्गिक नाही, गोळीत युरिया आहे, पण ही पद्धत का निघाली बघा, आपल्यासारख्या पावसात वरनं फेकलेला युरिया पाण्याबरोबर वाहून जातो, पैसे पण जातात आणि ओढ्याचं पाणी पण बिघडतं. हे ज्यानं शोधलं त्यानं तुमचाच पाऊस डोळ्यांसमोर ठेवला होता. तुम्ही रोप लावत असाल तर पहिली तीन सूत्रं तशीच घ्या, चौथ्याचं तुमचं तुम्ही ठरवा. धूळवाफ पेरणी करत असाल, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत कुरीनं, तर अंतराचं सूत्र लागू होत नाही पण गिरिपुष्पाचा पाला आणि राख तरीही कामाची.

'मराठीत काहीच नाही' हे मला पटत नाही ते ह्यामुळं. ॲग्रोवन २००५ पासून रोज निघतो, महाराष्ट्राच्या कृषी खात्याचं 'शेतकरी' मासिक आहे, नाशिकच्या मुक्त विद्यापीठात शेतीचे अभ्यासक्रम मराठीत आहेत. महाराष्ट्राची सबसिडी आपल्या सातबाऱ्याला, म्हणजे आपल्या आरटीसी उताऱ्याला मिळणार नाही, ते खरं. पण माहितीला कुठलं चेकपोस्ट आहे?

आणि आपल्या कोल्हापूरकडच्याच एका माणसाची आठवण सांगायला पाहिजे, श्री. अ. दाभोळकर. गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला, म्हणजे शेतकऱ्यांनीच आपापल्या शेतात प्रयोग करायचे, मोजायचे, लिहायचे आणि एकमेकांना कळवायचे. तासगावकडची द्राक्षशेती ह्या देवाणघेवाणीतून बहरली. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरू शकतात असा त्यांचा हिशोब होता, तो प्रत्येकाच्या मातीत तसाच उतरेल असं मी म्हणणार नाही, पण सव्वा एकराला 'एवढीशी' म्हणणाऱ्यांनी तो एकदा बघावा. आता गंमत बघा, तिकडं दक्षिण कन्नडात पुत्तूरला १९८८ मध्ये शेतकरी-पत्रकार श्री पद्रे आणि सोबतच्या शेतकऱ्यांनी 'अडिके पत्रिके' नावाचं कन्नड मासिक काढलं, त्यांचं पण तेच, लेखणी शेतकऱ्याच्या हातात द्यायची, जो करतो त्यानंच लिहायचं. एकाची भाषा मराठी, दुसऱ्याची कन्नड, आणि दोघांना शहाणपण सापडलं ते एकाच जागी. म्हणून एकच पुस्तक वाचून पूर्ण शिकायचं म्हणता तेव्हा मला वाटतं की ते पुस्तक तुम्हालाच लिहावं लागणार आहे, वहीत, पण ती व्हिडिओ उतरवायची वही नको.

आता कन्नडचं. रयत संपर्क केंद्रातून तुम्ही लाजून परत आलात हे वाचून वाईट वाटलं, कारण ते केंद्र तुमचंच आहे. होबळीला, म्हणजे तालुक्यातल्या गावांच्या एकेका गटाला, एक असतं, बियाणं सबसिडीत तिथंच मिळतं. मामांचा फ्रुट्स नंबर, म्हणजे कर्नाटक सरकारकडचा शेतकरी नोंदणी नंबर, काढलेला नसेल तर आधार, उतारा, पासबुक घेऊन आधी ते काम करा, पुष्कळ योजना त्या नंबरावरच चालतात. तिथं जाऊन सरळ म्हणा, मला बोललेलं कळतंय, वाचून दाखवा. आपल्या भागात मराठी बोलणारं कुणीतरी भेटतंच. आणि पत्रक घरी आणा! तुमची मुलगी सहावीत आहे, मराठी माध्यमात असली तरी कन्नड विषय तिला आहेच, तिच्याकडून वाचून घ्या. पत्रकातले शब्द ऐकले की तुम्हीच म्हणाल अरे हे तर येतंय, बीज, रोग, कीट, कृषी, रैत हे आपलेच. भत्त म्हणजे भात, मण्णु म्हणजे माती, गोब्बर म्हणजे खत, मळे म्हणजे पाऊस, बेळे म्हणजे पीक, सावयव कृषी म्हणजे सेंद्रिय शेती. असे चाळीस-पन्नास शब्द झाले की शेतीचं पत्रक उलगडतं, त्याच्यासाठी कन्नड कादंबरी वाचता यायला नको. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करणारं ॲप पण चालतं, फक्त प्रमाण, म्हणजे किती ग्रॅम, किती लिटर, कशात, ते माणसाकडून खात्री केल्याशिवाय वापरू नका, ॲप आकड्यात किंवा एककात चुकलं तर पीक जाईल.

भाषेमुळं ह्या बाजूकडं पाठ केली तर नुकसान आपलंच आहे, कारण धारवाडचं कृषी विद्यापीठ आपल्या विभागासाठीच शिफारशी काढतं, धारवाडजवळ मुगदला त्यांचं भाताचं संशोधन केंद्र आहे, तो पट्टा खानापूर-हल्याळसारखा पावसाचा. आपल्या जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रं पण दोन आहेत, एक बैलहोंगलकडं मत्तीकोप्पला, एक गोकाककडं तुक्कानट्टीला, आणि त्यांची बरीच प्रशिक्षणं फुकट असतात. आठ हजार भरायच्या आधी हे फुकटचं तरी बघू या की.

मामांचं आता. 'पुस्तक वाचून शेती होत नाही' हे ते तुम्हाला अडवायला म्हणत असतील असं मला वाटत नाही. ज्यानं चाळीस वर्षं ते शिवार केलं त्याच्यासमोर आपण रोज रात्री फोनवरच्या परक्या माणसाकडून शेती शिकतोय, त्याला विचारत नाही, हे त्यांना लागलं असेल. (तुमच्या पत्रात मामांना काही विचारल्याचा एकही उल्लेख नाही, मी मुद्दाम परत शोधला.) त्यांना 'शेती कशी करायची' असं विचारू नका, त्याला उत्तर नसतं. बारीक विचारा. कुठला कोपरा दिवाळीपर्यंत ओला राहतो? कुठं भात आधी पिवळं पडतं? युरिया यायच्या आधी शेणखत किती गाड्या लागायचं आणि कुठून आणायचे? उन्हाळ्यात खतासाठी धनगरांची बकरी रानात बसवायचे का, किती रात्री, मोबदला काय द्यायचे? नाचणीत अक्काडी, म्हणजे मिश्र पीक, म्हणून तूर, मटकी टाकायचे का? बांधावर काय होतं जे आता नाही? कुठलं भात करायचे, चवीला कसं, पावसात लोळायचं का? हे सगळं कुठल्याच व्हिडिओत नाही आणि मामांबरोबर जाईल. फोनवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, सोबत चहा ठेवा, एका बैठकीत सगळं विचारू नका. बकरी बसवणं हे एक घ्या, आज नैसर्गिक शेतीच्या कोर्समध्ये जनावर आणि शेत जोडायचं म्हणून जे शिकवतात ते आपल्याकडं असंच चालायचं, आणि अजून कुठं कुठं चालतं.

मात्र मामांचं सगळं बरोबर असं पण नाही. ते ज्या काळात शिकले त्यात 'गोणी जास्त टाकली की पीक जास्त' हे पण होतं. म्हणून मोजून बघायचं.

आणि इथं तुमच्या दुसऱ्या ठरवलेल्या गोष्टीवर बोलते, रासायनिक एकदम बंद. मनापासून सांगते, सव्वा एकर एका वर्षात सगळं बदलू नका. घरात खाणारा तांदूळ ह्याच शेतातला असणार. श्रीलंकेनं २०२१ मध्ये रासायनिक खतं एका फटक्यात बंद केली, भाताचं उत्पादन पडलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मागं फिरावं लागलं. त्यातून सेंद्रिय शेती खोटी ठरत नाही, घाई महागात पडते एवढं दिसतं, मातीला सवय लागायला आणि आपल्याला शिकायला हंगाम लागतात. झिरो बजेटवाल्या, म्हणजे बाहेरून खत-औषध विकत न आणता शेती सांगणाऱ्या, सुभाष पाळेकरांच्या पद्धतीनं कितीतरी शेतकऱ्यांचा खर्च कमी झाला, आणि दुसरीकडं २०१९ मध्ये राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीनं सांगितलं की ह्या पद्धतीला पुरेसा शास्त्रीय पुरावा नाही. दोन्ही बाजूचे लोक ग्रुपवर भांडतायत, तुम्ही भांडणात पडू नका, तुमच्याकडं स्वतःची जमीन आहे, बघा की करून.

पाच गुंठे काढा. एका कडेचे नकोत, जिथली माती बाकीच्यासारखीच आहे असे. त्यात तुमच्या पद्धतीनं, बाकी पंचेचाळीस गुंठ्यांत मामा सांगतील तसं. बियाणं दोन्हीकडं एकच, पेरणी एकाच दिवशी, नाहीतर तुलना करता येणार नाही. एकरी जीवामृताचं, म्हणजे खत म्हणून घालायच्या शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या पाण्याचं, जे प्रमाण सांगतात, दोनशे लिटर पाण्याला दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, एक-दोन किलो गूळ, तेवढंच बेसन आणि बांधाखालची मूठभर माती, त्याचा पाच गुंठ्यांना आठवा भाग होतो, म्हणजे पंचवीस लिटर पाणी, सव्वा किलो शेण, लिटरभर गोमूत्र, दीडेकशे ग्रॅम गूळ आणि तेवढंच पीठ, चिमूटभर माती. सावलीत दोन दिवस, रोज दोनदा काठीनं ढवळायचं. एवढ्याला स्वतःची गाय पाळायची गरज नाही, शेजाऱ्याच्या गोठ्यातून बादली मिळते. गाय नाही म्हणून विषय सोडा म्हणणाऱ्याचं इथंच संपलं. आणि भाताचं बी दोन्ही तुकड्यांत मिठाच्या पाण्यातनं काढा, दहा लिटरला तीनशे ग्रॅम मीठ, वर तरंगेल ते पोकळ बी काढून टाकायचं, खाली बसलेलं साध्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवायचं. खर्च काहीच नाही, मामांना पण आक्षेप नसेल.

कंपोस्टचं बांधकाम करायचं मनात असेल तर नाडेपची माहिती मराठीत भरपूर मिळेल, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या पांढरीपांडे काकांची ती पद्धत, दहा बाय सहा बाय तीन फुटांचं जाळीदार विटांचं टाकं. फक्त ते विदर्भातलं आहे हे लक्षात ठेवून आपल्याकडं वर छप्पर घाला, पत्रा, झावळ्या, काहीही, नाहीतर चार महिन्यांच्या पावसात खताचा कस धुऊन ओढ्याला जाईल.

वहीत काय लिहायचं? तारीख, नक्षत्र, पाऊस, काय काम केलं, किती तास, किती पैसे, दोन्ही तुकड्यांचं वेगवेगळं. तुमचे स्वतःचे तास पण लिहा, बायका ते कधीच लिहीत नाहीत आणि मग खर्च शून्य दिसतो. पाऊस मोजायला सरळ उभ्या भिंतीचा डबा उघड्यावर ठेवा, सकाळी आत पट्टी घालून मिलिमीटर बघा, एका मिलिमीटरला एका गुंठ्यावर साधारण शंभर लिटर पाणी पडलं असं समजा. कापणीला दोन्ही तुकड्यांतला मीटर बाय मीटर चौकोन वेगळा कापून, झोडून, वजन करा, तीन-तीन ठिकाणी. ह्या वहीसमोर मामा काही बोलणार नाहीत, आणि बोलले तर आकड्यांवर बोलतील.

एकट्यानं हे सगळं कंटाळवाणं होतं म्हणून अजून एक सांगते आणि हे मला खूप जवळचं आहे. इंडोनेशियात ऐंशीच्या दशकात भातावर तपकिरी तुडतुड्यांनी थैमान घातलं होतं, जेवढी फवारणी तेवढे तुडतुडे जास्त, कारण औषधानं तुडतुडे खाणारे कोळी आणि ढालकिडे आधी मरायचे. सरकारनं १९८६ मध्ये भातावरची सत्तावन्न कीटकनाशकं बंद केली आणि १९८९ पासून एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या) मदतीनं शेतकऱ्यांच्या शाळा सुरू झाल्या. वर्ग नाही, फळा नाही. वीस-पंचवीस शेतकरी हंगामभर आठवड्यातून एकदा सकाळी एकाच शेतात जमायचे, गटागटानं दहा-दहा चूड बघायचे, किडे मोजायचे, मोठ्या कागदावर चित्र काढायचे, एका बाजूला पीक खाणारे, दुसऱ्या बाजूला त्यांना खाणारे, आणि मग ह्या आठवड्यात काय करायचं ते सगळ्यांनी ठरवायचं. हीच कल्पना पुढं जगभर गेली, महाराष्ट्रात तिला शेतीशाळा म्हणतात. तुमच्या गावात स्त्रीशक्ती किंवा संजीवनी संघ, म्हणजे बायकांचा बचत गट, असणारच, त्यातल्या चार-पाच जणींना घेऊन तुमच्या पाच गुंठ्यांत हीच शाळा भरवा. भांगलणीला तशाही एकत्र जाताच. आंध्रात २०१६ पासून नैसर्गिक शेती पसरली ती बचत गटातल्या बायकांमुळं, स्वतः करून बघितलेल्या बाई दुसऱ्या गावात जाऊन शिकवतात. कर्नाटकात कृषी सखी, म्हणजे शेतीचं प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्याच बाई, नेमायला सुरुवात झालीय, तुमच्या ग्रामपंचायतीत कुणी आहे का ते विचारा.

पहिल्याच महिन्यात तुम्हाला दिसेल की प्रत्येक किडा दिसला की फवारायचं नसतं. खोडकिड्यानं चार लोंब्या पळींज, म्हणजे पोकळ, झाल्या म्हणून पीक जात नाही. हे वाचून पटत नाही, मोजून पटतं.

आठ हजारांचं म्हणाल तर पेटीत ठेवा. त्यातून चंदगडला एखाद्या शेतकऱ्याकडं ऑगस्टमध्ये जाऊन या, तण माजलेलं असताना, सगळं हिरवं-गोजिरं दिसतं तेव्हा नको. धारवाडच्या कृषी मेळ्याला साधारण सप्टेंबरात जा, मुलीला आणि जमलं तर मामांना घेऊन, एका दिवसात येणं-जाणं होतं. आणि दिवाळीनंतर कोर्सवाल्यांना फोन करा, विचारा की तुमच्याकडं पाऊस किती, तुमचं स्वतःचं शेत किती वर्षं ह्या पद्धतीनं आहे, वाईट वर्षाचा हिशोब दाखवाल का, नंतर अडचण आली तर कुणाला विचारायचं. नीट उत्तरं आली तर खुशाल जा, मीच म्हणेन जा.

आत्ता ह्या आठवड्यात मात्र एक काम करा, वळीव जोरात यायच्या आत मातीचा नमुना काढा. आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्हीसारखा खड्डा, त्याच्या कडेची माती खुरप्यानं वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यायची, सगळी एकत्र करून सावलीत वाळवायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरली की कापडी पिशवीत घालून रयत संपर्क केंद्रात द्यायची, मातीच्या आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासून येतात, सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, जस्त वगैरे. पत्रिका कन्नडमध्ये आली तर मुलगी आहेच. नमुना बांधाजवळचा, झाडाखालचा, खताच्या ढिगाच्या जागचा घ्यायचा नसतो. खड्डे कुठं घ्यायचे ते मामांना विचारा, गुडघे दुखत असले तरी बांधावर खुर्ची टाकून ते हातानं दाखवतील, तिथं घे, तिथं नको.